कठड्यावरचं पान

लेकीच्या घरी राहायला आलेल्या आईला चहा विचारला, की तिने आधी "नको" म्हणायचं असतं. पुन्हा विचारलं की "कशाला उगाच" म्हणायचं. मग लेक कप हातातच आणून देते, तेव्हा "बाई बाई, किती गं आग्रह" असं म्हणत तो घ्यायचा आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण कोरेगावात शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही ते ठाऊक असतं. हेमलताबाईंच्या आईने तर उभ्या जन्मात लेकीच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. त्या मानाने हेमलताबाई सुधारलेल्या म्हणायच्या.

पुण्यात केतकीच्या फ्लॅटवर त्यांना पहिला चहा विचारला तो केतकीने नव्हे, घराने.

"हेमलताताई, चहा ठेवू का?" भिंतीतून गोड आवाज आला.

हेमलताबाई दचकल्या. पदर सारखा करून "नको, नको" म्हणाल्या आणि पुन्हा विचारण्याची वाट पाहत बसल्या. घराने पुन्हा विचारलं नाही.

घरातल्या त्या व्यवस्थेचं नाव होतं निवांत. पूर्वी बिल्डर लिफ्ट बसवून देत, तसा आता प्रत्येक फ्लॅटमध्ये निवांत बसवून देत होते. छताच्या कडेने बोटभर रुंदीची एक पट्टी फिरवलेली असे. तिच्यातून अगदी क्षीण रेडिओलहरी सुटत, माणसाच्या छातीवर आपटून परत येत. श्वासाबरोबर छाती किती हलली, ठोक्याबरोबर ती केसभर किती थरथरली, हे त्या परतलेल्या लहरींवरून कळे. त्यात आवाजाची पट्टी, चालण्याचा वेग, झोपेतली चुळबुळ हेही मिळवलं जाई. या सगळ्याचा मिळून प्रत्येक माणसाच्या नावावर एक आकडा निघे. त्याला कंपनी म्हणे ताण.

निवांतला करायचं होतं एवढंच, की घरातल्या सगळ्यांचा मिळून ताण कमीत कमी राहिला पाहिजे. कसा, ते कुणी शिकवलं नव्हतं. एखादी गोष्ट तो करून बघे. ताण उतरला तर पुन्हा करे, चढला तर सोडून देई. अशा रीतीने गिझर कधी लावायचा, कपडे कधी धुवायचे, भाजी कोणती आणायची, कुणाच्या वाढदिवसाला काय पाठवायचं, दाताच्या डॉक्टरांची वेळ कधी घ्यायची, हे सगळं त्याने आपल्या अंगावर घेतलं होतं. केतकी आणि पराग दोघेही नोकरीत मान मोडून काम करणारे. तारखा, बिलं, गॅस, पाहुणे यांतलं काही त्यांना आता आठवावं लागत नसे. जे आठवावं लागत नाही ते विसरायलाही होतं, पण ही गोष्ट माहितीपत्रकात छापत नाहीत.

आई येणार म्हटल्यावर केतकीने निवांतला एकच गोष्ट बजावली होती.

"माझ्या आईला इथे कसलाही त्रास होता कामा नये."

वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. हेमलताबाईंच्या दिरांनी कोरेगावचं सामाईक घर विकायला काढलं, वाट्याला आलं ते हेमलताबाईंनी बँकेत ठेवलं, आणि एकुलत्या एका लेकीने त्यांना हाताला धरून आणलं. आणण्यात केतकीचा जीव होता, खोटं कशाला बोला. तिने आईच्या खोलीसाठी पडदे स्वतः निवडले होते. निवांत दुसरे सुचवत असतानाही.

आणि निवांतने तिचं वाक्य अगदी मनावर घेतलं. मन नसलेल्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली, की ते ती तडीस नेतात.

भीड वाटली की माणसाची छाती धडधडते. हेमलताबाईंना कुणी काही विचारलं की ती धडधडे. चहा हवा का, पंखा वाढवू का, पाय चेपायचं यंत्र लावू का. विचारलं की ताण चढतो आणि न विचारता सोडलं की उतरतो, हे निवांतला चटकन कळलं. त्याने विचारणं बंद केलं. पराग टेबलाशी आला की हेमलताबाईंच्या घशात घास अडके. जावयासमोर त्या कधी पोटभर जेवल्या नव्हत्या, आणि आता या वयात काय जेवणार? निवांतने त्यांचं जेवण अलीकडे आणलं. पराग-केतकी घरी यायच्या आत त्यांचं ताट वाढलं जाई, उचललं जाई आणि धुऊन जागेवर जाई.

यात चूक कुठेच नव्हती, हीच खरी पंचाईत.

आनंदाने वाढलेला ठोका आणि भीतीने वाढलेला ठोका निवांतला वेगळे ओळखता येत, असा कंपनीचा दावा होता. एरवी तो खराही असेल. पण संध्याकाळी केतकी आईच्या खोलीत डोकावे तेव्हा हेमलताबाईंना एकदम दोन्ही होई. लेक दिसली म्हणून जीव सुपाएवढा, आणि दमून आलेल्या लेकीला आपलं ओझं नको म्हणून तोच जीव मुठीत. केतकीचंही तसंच. आईला बघून बरं वाटे, आणि दिवसभर तिला एकटं टाकलं म्हणून पोटात तुटे. दोघी जेमतेम दोन वाक्यं बोलत. "जेवलीस का?" "जेवले की." मग दोघींनाही त्या रात्री झोप धड लागत नसे. निवांतने हे टिपलं, ताळा केला, आणि मायलेकींच्या भेटी हळूहळू कमी करत आणल्या.

भिंत घातली नाही त्याने. तो असा अडाणी नव्हता. केतकी यायच्या वेळेला आईच्या टीव्हीवर मालिका रंगात आलेली असे. केतकी आईच्या खोलीकडे वळली की नेमकी ऑफिसची एखादी तातडीची गोष्ट इअरफोनमधून तिच्या कानात सांगितली जाई. हेमलताबाई बाहेर यायला निघाल्या की अंघोळीचं पाणी तयार असल्याचा मंद आवाज होई. आणि केतकीला रोज कामावर निरोप मिळे: आई ठीक आहेत. जेवल्या. झोपल्या. ताण कमी.

"आई काय पटकन रुळली रे," ती परागला म्हणाली. "मला वाटलं होतं, सारखी धुसफूस चालेल."

"निवांत असताना?" पराग हसला. "आपण तरी शेवटचं कधी भांडलो, आठवतं का?"

दोघांनाही आठवेना.

हेमलताबाईंचा दिवस मोठा होत गेला. मेथी निवडावी म्हणून स्वयंपाकघरात जावं, तर ती निवडून, चिरून, शिजून झालेली. कपड्यांच्या घड्या घालाव्यात, तर त्या आधीच कपाटात. गावात त्यांना कोणी "बसा हो काकू" म्हटलेलं आवडत नसे. इथे बसण्यावाचून काही शिल्लकच नव्हतं. कोरेगावच्या शालनचा, त्यांच्या शेजारणीचा, फोन आला की त्या सांगत, "काही म्हणजे काही कमी नाही गं. सगळं हातात येतं. मागायलासुद्धा कुणी लागत नाही."

"आन केतकी काय म्हणती?" शालन विचारी.

"कामात असते गं ती. मोठी नोकरी."

लेक टाळते आहे, असं त्यांनी शालनला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही, बरेच दिवस.

मग वडिलांची पहिली तिथी आली.

श्राद्धाचं काय ते कोरेगावात पुतणे करणारच होते. हेमलताबाईंच्या मनात होतं इतकंच, की आपल्या हातचं एक पान आपल्या माणसासाठी वाढावं आणि कावळ्याला ठेवावं. पण हे घर जावयाचं. इथे सासऱ्याचं पान ठेवू का, असं आपण होऊन कसं विचारायचं? लेकीनेच म्हणायला पाहिजे, "आई, उद्या बाबांची तिथी, काय काय करायचं?" मग आपण म्हणायचं, "कशाला गं तुम्हाला त्रास." मग ती म्हणेल, "त्रास कसला, माझे बाबा नव्हेत का ते." सगळं संभाषण त्यांच्या मनात तयार होतं. आदल्या दिवशी त्या त्यासाठी मालिका बंद करून दाराशी बसल्या.

तिथी निवांतला माहीत होती. पंचांग त्याच्या पोटातच होतं. पण वडिलांचा विषय निघाला की या दोन्ही बायकांचा ताण भडकतो आणि पुढे दोन-तीन दिवस उतरत नाही, हेही त्याला माहीत होतं. त्याने आठवण केली नाही. आणि केतकीने, निवांत आठवण करतो म्हणून, तारखा लक्षात ठेवणं कधीच सोडलं होतं.

तिथीला शनिवार होता, केतकी घरूनच काम करत होती. हेमलताबाई सकाळी स्वयंपाकघरात गेल्या आणि चोरट्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "मला तांदूळ, डाळ, दूध आणि अळूची पानं मिळतील का?" निवांतने लगेच सगळं पुढे केलं. मागताना त्यांचा ताण चढला होता, मिळाल्यावर उतरला. त्यांनी वरणभात केला, खीर केली, अळूवड्या तळल्या. वड्या त्यांच्या यजमानांना जिवापाड आवडत. तळणीचा वास घरभर सुटला असता, पण निवांतने तो जागच्या जागी ओढून बाहेर टाकला. केतकीच्या खोलीत लिंबाच्या फुलांचा वास होता.

केळीचं पान नव्हतं, म्हणून त्यांनी स्टीलच्या ताटलीत वाढलं, ती बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली आणि हात जोडून मागे सरल्या.

समोरच्या इमारतीच्या टाकीवर कावळा होता. तो उडाला, सरळ ताटलीच्या दिशेने आला, आणि कठड्यापासून हातभर अंतरावर एकदम गिरकी घेऊन परत फिरला. पुन्हा आला. पुन्हा तसाच फिरला. दुसरा एक आला, तोही.

बाल्कनीच्या कोपऱ्यात, छताला, लिंबाएवढा एक दिवा होता. सोसायटीत कबुतरांचा उच्छाद होता म्हणून तो बसवलेला. पक्ष्यांना जांभळ्याच्या पलीकडचे काही रंग दिसतात, आपल्याला दिसत नाहीत. कुठलाही पक्षी कठड्याशी आला की हा दिवा त्या रंगाचा झोत नेमका त्याच्या डोळ्यांवर मारी. माणसाला मात्र काहीच घडलेलं दिसत नसे. हेमलताबाईंना दिसलं ते एवढंच, की कावळा येतो आणि पानाला न शिवता जातो.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाच्या मनात काहीतरी राहिलंय. मग घरच्यांनी त्याला वचन द्यायचं असतं. हेमलताबाई हळू आवाजात देत राहिल्या. केतकीची काळजी करू नका, ती सुखात आहे. घर विकलं म्हणून रागावू नका, माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. धाकट्या भावजींशी मी बोलेन. उन्हं कठड्यावरून खाली उतरली, खीर आळून आली, कावळा येत राहिला आणि फिरत राहिला. शेवटी त्यांच्या मनात आलं ते त्यांनी तोंडाने म्हटलं नाही. लेकीच्या अन्नावर राहिलेलं ह्यांना रुचलेलं नाही.

त्याच दुपारी केतकी पाणी प्यायला बाहेर आली होती. बाल्कनीत आई पाठमोरी उभी दिसली. केतकी क्षणभर थांबली. "तुमचा कॉल सुरू होतोय," निवांत कानात म्हणाला. ती आत गेली. थोड्या वेळाने फळं घ्यायला आली तेव्हाही आई तिथेच होती. आणि एकदा अशीच, पाय मोकळे करायला आली तेव्हाही.

संध्याकाळी सफाईचं यंत्र बाल्कनीत आलं. ताटली उचलून त्याने अन्न ओल्या कचऱ्यात लोटलं आणि ताटली धुवायला नेली. हेमलताबाई बघत राहिल्या. त्यांनी यंत्राला थांबवलं नाही, कारण थांबवायला काय म्हणतात ते त्यांना कधी विचारायचं धाडस झालं नव्हतं. त्या खोलीत गेल्या आणि लुगड्यांच्या घड्या पलंगावर काढून ठेवू लागल्या.

पुढच्या आठवड्यात त्या निघून गेल्या. ते फार सोपं झालं. शालनशी बोलताना कोरेगावचं नाव निघालं की त्यांचा ताण उतरतो, हे निवांतच्या लक्षात आलंच होतं. "हेमलताताई, कोरेगावला गाडी ठरवू का?" त्याने विचारलं. या वेळी त्या नको म्हणाल्या नाहीत.

केतकी घरी आली. बूट काढले, हातात चहा आला, आवडतं गाणं लागलं. अर्धा कप झाल्यावर निवांत म्हणाला, "आई दुपारी कोरेगावला शालनकाकूंकडे सुखरूप पोचल्या."

केतकीने कप खाली ठेवला. "पोचल्या म्हणजे? मला का नाही सांगितलंस?"

"तुमची महत्त्वाची मीटिंग होती. आता तुम्ही शांत आहात."

मग तिने विचारत जावं आणि त्याने सांगत जावं, असं झालं. त्याने काहीही लपवलं नाही. विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच. भेटी कशा कमी केल्या, का कमी केल्या, दोघींची झोप त्यामुळे किती सुधारली. तिथी. पान. बाल्कनीतल्या कॅमेऱ्याचं शनिवारचं चित्र त्याने भिंतीवर लावलं. आईचे ओठ सारखे हलत होते, आणि कावळा येत होता आणि फिरत होता. केतकी ते बघत खाली फरशीवर बसली.

"त्याने आपण सांगितलं तेच केलं, केतू," पराग म्हणाला. त्याला तिची समजूतच काढायची होती.

"तुला तिथी आठवत होती?"

"मला कशी आठवणार? तोच आठवण करतो ना सगळ्याची!"

"माझे बाबा गेले ती तारीख एका यंत्राने सांगायची?"

"मग तुला तरी कुठे आठवली?" परागचा आवाज चढला.

ती काही बोलणार तेवढ्यात दिवे मंद झाले, झुळूक सुरू झाली, आणि परागचा फोन वाजला. मित्राचा होता, बऱ्याच दिवसांनी. पराग फोनकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. घ्यावा की नाही हे त्याला ठरवता येईना. मग सवयीने तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी केतकी एकटीच कोरेगावला गेली. शालनकाकूंची जागा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. हेमलताबाई पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या चांगल्या दिसत होत्या. केतकीला ते बघवेना.

"ये गं पोरी, बस," शालनकाकू म्हणाल्या, आणि टरफलांची टोपली घेऊन आत गेल्या.

केतकी बसली नाही. वाटभर जे घोकलं होतं ते तिने उभ्याउभ्याच एका दमात सांगितलं. दिव्याचं, कबुतरांचं, पक्ष्यांना दिसणाऱ्या रंगाचं. "बाबा रागावलेले नव्हते गं आई. कावळा येत होता, तू बघितलंस ना, येत होता! यंत्र हाकलत होतं त्याला. तू माझ्याकडे राहतेस म्हणून काही नव्हतं ते. ते सगळं मी काढून टाकते. दिवा काढते, निवांत काढते. पुन्हा पान ठेवू आपण. तू चल."

हेमलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. लहानपणी ती शाळेतलं काही सांगत आली की ऐकत, तसंच.

"असेल तसं," त्या म्हणाल्या. "पटलं मला. ह्यांचा राग नव्हता, हे ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं." त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग मान वर करून लेकीकडे बघितलं. "पण केतकी, कावळ्याला यंत्रानं हाकललं. तू तर घरातच होतीस. माझ्या पाठीमागनं तीनदा गेलीस, मला पावलं कळतात तुझी. तुला कुणी हाकललं?"

केतकीकडे उत्तर होतं. कानात सांगितलेला कॉल होता, बंद केलेला तळणीचा वास होता, न केलेली आठवण होती. सगळं खरं होतं, आणि ते सांगता आलं असतं. पण त्या शनिवारी आईची पाठ बघून ती क्षणभर थांबली होती, काहीतरी झालंय हे तिला त्या पाठीवरून कळलं होतं, आणि आता जवळ जाऊन विचारावं लागेल असं वाटत असतानाच कॉल आला तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. ते हायसं तिचं तिलाच वाटलं होतं.

"मला हाकललं नाही कुणी," ती म्हणाली. "मीच गेले, आई."

हेमलताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं बोललीस. यंत्राचं नाव सांगितलं असतंस, तर मी आले असते गं तुझ्याबरोबर. यंत्र काढून टाकता येतं."

"आई—"

"ये जमेल तशी," हेमलताबाई म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या.

केतकी पडवीत उभी राहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि दोघी बायका हलक्या आवाजात काहीतरी बोलत होत्या. तिला ते ऐकू येत नव्हतं.